वाघोबाचा वाटा

आश्विन वद्य द्वादशीला आमच्या गोरेगावात वसुबारस असते. गोठे गेले, त्यामुळे मातीची गाय-वासरं पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं. त्याच दिवशी रिक्षाने थोड्याच अंतरावर, आरेच्या वारली पाड्यांत वाघबारस असते. इकडे गायीची पूजा, तिकडे गाय खाणाऱ्याची. मला तिकडचा सण अधिक व्यवहारी वाटतो, हे आधीच सांगून टाकते.

वाघोबाचं ठाणं म्हणजे लाकडी फळीवर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर सूर्य-चंद्र आणि अंगभर शेंदूर. डोक्यावर छप्पर असेलच असं नाही. वारल्यांच्या वाघोबावरचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यात अशी दीडशेहून जास्त ठाणी नोंदली आहेत. मुंबई परिसरातला पट्टेरी वाघ कधीच संपला. ठाण्यावरचा मान आता बिबट्याकडे आलाय. वाघबारशीला भगत पूजा बांधतो, कोंबडं-बोकड दिलं जातं.

यामागची गोष्ट पाड्यागणिक बदलते. एका कुमारिकेला मूल झालं, ते पुढे वाघ झालं आणि लोकांची गुरं मारू लागलं. गाव चिडून आईच्या दारात आलं. आईने मग तोड काढली: लेकाने रानात राहायचं, लोकांनी त्याचं ठाणं मांडून वर्षातून एकदा त्याचा वाटा द्यायचा. वाघाला कुणी देव्हाऱ्यात बसवून सात्त्विक केलेलं नाही. तो मांस खाणारच, हे धरूनच सौदा झालाय.

माझ्याकडे रानभाज्या घेऊन येणाऱ्या मावशींना मी विचारलं, ‘‘वासरू नेलं तर राग नाही येत?’’ त्या म्हणाल्या, ‘‘येतो की, ताई! पन त्यानं खावं तरी काय?’’ राग येतो, पण त्यापायी कुणी पिंजरा मागायला धावत नाही.

आमच्या सोसायटीच्या सभेत मात्र सीसीटीव्हीत बिबट्या दिसल्याबरोबर तीच मागणी झाली. पिंजऱ्याचं काय होतं ते जुन्नरने भोगलंय. तिथे पकडलेले बिबटे दुसरीकडच्या जंगलांत सोडण्याचा सपाटा लागला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार तोवर माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते १७वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या बिथरतो, आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरा येऊन घेतो.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. ते, आरे आणि लगतचा जंगलपट्टा मिळून अलीकडच्या गणतींत पन्नासच्या आसपास बिबटे मोजले गेले. एवढे बिबटे इथे टिकतात त्यात आपलाही हात आहे. आपण कचरा उघड्यावर टाकतो, कचऱ्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणजे वाटा आपणही देतोच, फक्त रोज आणि नकळत.

वाघोबा मानला की जीव वाचतो, असं कुणी समजू नये. २०२२च्या दिवाळीतच आरेत एक चिमुरडी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. पाड्यांवर कित्येक ठिकाणी अंधार आहे, शौचालय लांब आहे. तिथे गोष्टीपेक्षा दिवा जास्त उपयोगी. पण दिवा लावणाऱ्या यंत्रणेला पाडे दिसत नाहीत. दिसतात ती झाडं, तीही कापण्यापुरती. ऑक्टोबर २०१९मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत, दोन-तीन दिवसांत, दोन हजारांवर झाडं पडली. आणि आमच्या इमारतींच्या लॉबीत? भिंतभर वारली चित्रं! जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली, २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतला तारपा आम्हाला हवा, तारपा वाजवणाऱ्याचा पाडा मात्र पुनर्वसनाच्या इमारतीत गेलेला चालतो. ही आमच्या आवडीची लबाडी आहे.

तेव्हा आरेच्या कडेला राहणाऱ्यांना एवढंच सांगणं: कचरा बंद डब्यात टाका, अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं सोडू नका, आणि पुढच्या सभेत पिंजऱ्याऐवजी पाड्यांवर दिवे आणि घराजवळ शौचालयं मागणारा ठराव मांडा.