कासला जाताय? मग दोन किलोमीटर चाला. कुमुदिनी तलाव गाडीतून दिसत नाही!

सातारा : सप्टेंबर उजाडला की सातारा-सांगलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो, 'कासला फुलं आली का?' मग रविवारी गाड्या निघतात, पठारावर फोटो होतात, परतीच्या वाटेवर मक्याचं कणीस खाल्लं जातं आणि 'तलावही पाहिला' असं सांगत मंडळी घरी येतात. पण यातल्या बहुतेकांनी पाहिलेला तलाव वेगळाच असतो. कमळासारख्या पांढऱ्या फुलांनी भरलेला कुमुदिनी तलाव पाहायचा तर गाडी सोडून चालावं लागतं. हा तलाव आहे तरी कुठे, तिथे कसं जायचं आणि जाताना काय सांभाळायचं, जाणून घेऊया.

कास तलाव आणि कुमुदिनी तलाव एकच का?

नाही. पठार ओलांडून बामणोलीकडे जाताना रस्त्यालगत जो मोठा जलाशय दिसतो, तो कास तलाव. ब्रिटिश काळात बांधलेल्या या तलावातून सातारा शहराला पाणी मिळतं. अलीकडे त्याची उंचीही वाढवण्यात आली आहे.

कुमुदिनी तलाव त्याच्या तुलनेत अगदी लहान आहे. पावसाच्या पाण्यावर भरणारा हा तलाव साताऱ्याहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या जुन्या राजमार्गावर आहे. पठारापासून साधारण दोन किलोमीटर आत, डांबरी रस्त्यापासून दूर असल्याने तो गाडीच्या काचेतून दिसत नाही.

तिथे कसं पोहोचायचं?

साताऱ्यातून बोगदा, यवतेश्वर घाट असं करत कास पठार सुमारे २५ किलोमीटरवर आहे. सांगलीकरांनी कराडमार्गे साताऱ्यात यायचं आणि हाच रस्ता धरायचा. हंगामात कास, कासाणी, आटाळी, एकीव अशा परिसरातल्या गावांची समिती वन विभागासोबत पठाराची व्यवस्था पाहते. प्रवेशासाठी ऑनलाइन बुकिंग असतं. गर्दी आवरण्यासाठी रोज ३,००० पर्यटकांची मर्यादाही घालण्यात आली होती. शुल्क आणि वेळा बदलू शकतात, त्यामुळे निघण्याआधी त्या हंगामाचे नियम तपासा. तिकिटाचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, वर मोबाइलची रेंज दगा देते.

पुढची वाट सोपी आहे. मोठी चढण नाही, दोर नाही, कडा नाही. जाऊन-येऊन चार किलोमीटर, म्हणजे रमतगमत दीड-दोन तास. लहान मुलं आणि नियमित चालणारे आजी-आजोबाही जाऊ शकतात. वाटेत सोनकी, तेरडा, गेंद आणि 'सीतेची आसवं' भेटतात. पठाराच्या कडांना आणि उतारांवर अंजन, जांभळासारखी वाऱ्याने बुटकी राहिलेली सदाहरित झाडी दिसते.

खडकाळ पठारावर पाणी टिकतं कसं?

कास पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. खाली काळा पाषाण आणि वर जांभ्याचा थर, अशी त्याची रचना. जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ असतो की मोठी झाडं मूळ धरू शकत नाहीत. पावसाळ्यात खोलगट जागी पाणी साचतं, तिथे वर्षानुवर्षं गाळ जमतो आणि त्या गाळात पाणवनस्पती रुजतात.

बाकीचं पाणी जांभ्याच्या भेगांतून खाली उतरतं, खालच्या चिकणमातीच्या थराला अडतं आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. पूर्वेकडे गेलेला थेंब उरमोडीत, पश्चिमेकडे गेलेला कोयनेत. कोयनेचं बरंचसं पाणी वीजनिर्मितीसाठी कोकणाकडे वळवलं जातं. पण उरलेली कोयना आणि उरमोडी शेवटी कृष्णेलाच मिळतात. म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलाखालून वाहणाऱ्या पाण्यात कासचाही वाटा असतो.

कुमुदिनी म्हणजे कमळच ना?

दिसायला तसं, पण नाही. शास्त्रीय नाव निम्फॉइडिस इंडिका. कमळ आणि कुमुदिनी यांची कुळंच वेगळी आहेत. पाण्यावर तरंगणारी हृदयाच्या आकाराची पानं आणि रुपयाच्या नाण्याएवढं पांढरं फूल. मध्यभागी पिवळा रंग आणि पाकळ्यांवर मऊ केसांची झालर, ही त्याची ओळख.

गंमत नावात आहे. संस्कृत काव्यातलं कुमुद चांदण्यात फुलतं. ही कुमुदिनी मात्र सकाळी उमलते आणि दुपारनंतर मिटू लागते. एक फूल साधारण एकच दिवस टिकतं. जवळून पाहिलंत तर आणखी एक गोष्ट लक्षात येईल. काही फुलांत स्त्रीकेसर लांब आणि पुंकेसर आखूड असतात, तर काहींत याच्या उलट. एका प्रकारच्या फुलातले पराग कीटकांनी दुसऱ्या प्रकारच्या फुलापर्यंत न्यावेत, यासाठी निसर्गाने केलेली ही जोडणी.

कधी जावं?

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, तेही सकाळी. शक्यतो शनिवार-रविवार टाळा. दाट धुकं असेल तर तलाव समोर असूनही दिसणार नाही, त्यामुळे थोडा वेळ हाताशी ठेवा. ओला जांभा निसरडा असतो; चप्पल नको, पकड असलेले बूट घाला. या भागात गवे दिसतात. दिसले तर लांबूनच पाहा, फोटोसाठी जवळ जाऊ नका.

सांगलीच्या चांदोलीत असं चालता येतं का?

२०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा ठरवलं. त्यात महाराष्ट्रातली चार आहेत : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पण चांदोली हे राष्ट्रीय उद्यान असून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथे परवानगी घेऊन, ठरलेल्या मार्गानेच जाता येतं. मनाला येईल तसं पायी भटकता येत नाही. कासची ही वाट म्हणूनच वेगळी ठरते.

मग धोका कशाचा?

आपल्याच पायांचा. पठाराला काही वर्षांपूर्वी जाळीचं कुंपण घातलं होतं. चराई थांबल्याने गवत माजलं आणि फुलं कमी झाली, अशी तक्रार पुढे आली आणि कुंपण काढण्यात आलं. आता फुलं आणि पर्यटक यांच्यामध्ये फक्त आपला समजूतदारपणा उरला आहे.

तलावाचं गणित आणखी नाजूक आहे. सेल्फीसाठी कोणी पाण्यात उतरलं की तळाचा गाळ ढवळतो. तो पानांवर बसला की ऊन अडतं. काठावर सतत पाय पडले की ओली माती घट्ट होते आणि तिथल्या बिया रुजत नाहीत. प्लास्टिकची पिशवी किंवा बाटली तर वाहून जायलाही जागा नाही, ती तलावातच राहते.

हा तलाव आजवर टिकला याचं एक साधं कारण म्हणजे तिथवर चालत जावं लागतं. कंटाळा करणारे रस्त्यावरूनच परततात आणि दोन किलोमीटर चालणारा माणूस सहसा थोडा जपून वागतो. त्यामुळे 'तिथपर्यंत गाडी का जात नाही?' असं पुन्हा कोणी विचारलं तर सांगा, जात नाही म्हणूनच फुलं आहेत.

आणि हो, काठावरूनच पाहा. तोडलेलं फूल गाडीपर्यंत येईतो मिटलेलं असतं.