अठरा मिनिटांचा निबंध

दहावीच्या मराठी प्रथम भाषेचा पेपर 80 गुणांचा आणि वेळ 3 तास. आता जरा हिशेब करून बघा. 180 मिनिटांत 80 गुण, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे. निबंधाला गुण 8. तेव्हा त्याच्या वाट्याला आली 18 मिनिटे. मंडळाने 2023 पासून शेवटी 10 मिनिटे वाढवून दिली आहेत खरी, पण ती हिशेबात धरू नका. सुटलेले प्रश्न आणि राहिलेली वेलांटी पाहण्यातच ती जातात.

हे 18 मिनिटांचे माप पुष्कळ मुलांना कुणी सांगितलेलेच नसते. निबंध प्रश्नपत्रिकेच्या शेवटी येतो, तोवर हात दुखू लागलेला असतो, आणि मग जे पाठ असेल ते कागदावर उतरते.

मुलांनो, आधी आपला वेग ओळखा. वर्तमानपत्रातला एखादा उतारा 10 मिनिटे नकलून काढा आणि शब्द मोजा. मग तितकाच वेळ स्वतःच्या मनाने काही लिहा आणि पुन्हा मोजा. दुसरा आकडा लहान येईल. तोच तुमचा खरा वेग. 18 मिनिटांतली पहिली 3 विचाराला, शेवटची 2 वाचून पाहायला, उरली 13. तेवढ्यात तुमच्या हातून किती शब्द होतात, ते घरीच ठाऊक असले पाहिजे. रेडिओवर बोलणाऱ्यालाही हेच करावे लागते, बरं का! दिलेल्या मिनिटांत बसेल एवढेच लिहून आणावे लागते; माझी पहिली संहिता दुप्पट लांब झाली होती.

पण त्या पहिल्या 3 मिनिटांत लिहायचे काय? माझ्या वर्गात काटोलकडचा एक मुलगा होता. घरी संत्र्याची बाग. ‘शेतकऱ्याचे मनोगत’ या विषयावर त्याने लिहिले, ‘मी जगाचा पोशिंदा आहे’; आणि पुढे पानभर तसेच. मी विचारले, “अरे, मृगबहार कसा धरतात?” तर गडी खुलला. मे महिन्यात झाडाचे पाणी तोडायचे, त्याला ताण द्यायचा, पाने मलूल होऊ द्यायची. मग मृगाचा पाऊस पडला की फूल येते. फळ उतरते फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे ऐन परीक्षेच्या दिवसांत, आणि नेमकी तेव्हाच गारपिटीची धास्ती. “मग हे का नाही लिहिलेस?” तर म्हणतो, “सर, असलं निबंधात लिहायचं नसते ना!”

कुणीतरी त्याला तसे शिकवले होते. खरे म्हणजे ताण, पाऊस, फूल, गारा, एवढे चार शब्द पेन्सिलीने टिपले की त्याचा आराखडा तयार. एकेका शब्दाचा एक परिच्छेद. पाठांतरात मधले वाक्य आठवेना झाले की पोरगा अडतो. इथे आठवायचे काही नाहीच, रोज पाहिलेलेच सांगायचे आहे.

हा प्रश्न दहावीला संपतही नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2012 पासून वस्तुनिष्ठ झाली होती; 2025 च्या परीक्षेपासून ती पुन्हा वर्णनात्मक झाली आणि त्यात निबंधाचा 250 गुणांचा स्वतंत्र पेपर आला. तो मराठीत लिहिता येतो. खेड्यातून येऊन अभ्यासिकेत वर्षानुवर्षे पर्याय रंगवण्याचा सराव केलेल्यांना आता हाताची सवय नव्याने लावावी लागते आहे.

गुरुजनांना एक विनंती. फळ्यावर निबंध लिहून देऊ नका. आठवड्यातून एक तास घ्या, विषय आयत्या वेळी सांगा आणि घड्याळ टेबलावर ठेवा. 18 मिनिटे झाली की वाक्य अर्धे असले तरी वह्या मिटायला लावा. पहिल्या खेपेस बहुतेकांचे अर्धेच होईल, होऊ द्या. तपासताना सगळी वही लाल करू नका. या आठवड्यात फक्त सुरुवात पाहा, पुढच्या आठवड्यात परिच्छेद. शुद्धलेखनाकडे त्यानंतर वळा. साठ वह्या असल्या तरी अशा तपासणीला एक संध्याकाळ पुरते.