गॅस गीझरचे धुराडे

गॅसच्या गीझरची निळी ज्योत तुम्ही पाहिली असेल. नळ सोडला की ती भप्पकन पेटते, बंद केला की विझते. पण जळून तयार झालेले वायू जातात कुठे? ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

थोडे गणित करू. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गीझर १० मिनिटांत सुमारे १७० ग्रॅम गॅस जाळतो. १ किलो गॅसच्या पूर्ण ज्वलनाला साधारण १५.५ किलो हवा लागते. म्हणजे एका अंघोळीला जवळजवळ सव्वादोन घनमीटर हवा झाली. आता दीड मीटर लांब, १.२ मीटर रुंद व २.४ मीटर उंच न्हाणीघर घ्या. त्यात हवाच मुळी ४.३ घनमीटर! दारे-खिडक्या बंद असून जळलेले वायूही आतच राहिले, तर प्राणवायू झपाट्याने घटतो. मग ज्वलन अपुरे होते आणि कार्बन डायॉक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो.

या वायूला रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा सुमारे २०० पट अधिक ओढीने त्याला धरून ठेवते. प्रथम डोके दुखते, मळमळते, मग पायांतले बळ जाते. कडी दोन हातांवर असूनही ती काढता येत नाही.

‘वर झरोका आहे की!’ असे पुष्कळजण म्हणतात. पण कार्बन मोनॉक्साइडचा रेणुभार २८, तर हवेचा सरासरी २९. निवल्यावर हा वायू खोलीभर मिसळून राहतो. तो गरम आहे तोवरच त्याला वर जाण्याची घाई असते, आणि धुराडे नेमका याचाच फायदा घेते. नळीतील वायू १५० अंशांवर आणि बाहेरची हवा २७ अंशांवर असेल, तर २ मीटर उंच धुराड्यात मिळणारा दाबातील फरक पाण्याच्या पाऊण मिलिमीटर थराइतकाही नसतो. इतक्या नाजूक ओढीवर सारा कारभार! म्हणून नळी आधी सरळ वर न्यावी, वळणे कमी ठेवावीत. आडवी लांबवर नेली की वायू निवतात आणि ओढ मंदावते. नळीचे तोंड बाहेर मोकळ्यावर, खिडक्यांपासून दूर असावे. बाहेरची हवा आत येण्यास खाली जाळीही हवीच. एक्झॉस्ट पंख्याचे मात्र आश्चर्य वाटेल. बंद खोलीत तो धुराड्यापेक्षा जोराने हवा ओढतो आणि जळलेले वायू नळीतून उलटे आत आणतो.

बाजारातील कित्येक गीझरांना धुराडे नसतेच. असे यंत्र न्हाणीघरात बसवूच नये. ते बाहेर मोकळ्या हवेत लावावे व गरम पाण्याची नळी तेवढी आत घ्यावी.

धुराडे बसवून झाले, की जोडणी करणाऱ्या माणसाकडून एक परीक्षा करवून घ्यावी. दारे-खिडक्या लावून, पंखा सुरू करून गीझर काही मिनिटे चालवायचा. मग धुराड्याच्या बुडाशी उदबत्ती धरायची. धूर नळीकडे ओढला गेला, तर ठीक. तो खोलीत परतला, तर तत्काळ गॅस बंद करून दार उघडावे आणि दोष निघेपर्यंत गीझर पेटवू नये.