गुंजभर सोनं आणि काळा पाषाण

नागपुरात सोन्याची खाण नाही, पण देशात सोनं कुठे शोधायचं याच्या फायली वर्षानुवर्षं याच शहरातून फिरत आल्या आहेत. १९४८ साली स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. सेमिनरी हिल्सवर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचं कार्यालय, आणि १९७२ पासून खनिजांच्या शोधासाठी देशभर ड्रिलिंग करणारी एमईसीएल ही कंपनीही तिथलीच. माझी सारी नोकरी याच क्षेत्रात गेली. त्यामुळे लग्नकार्यात कोणी ना कोणी बाजूला घेऊन विचारतंच, ‘काकाजी, सोनं शोधायची मशीन तुम्ही पाह्यली असन ना?’

आमच्या कॅम्पमध्ये तसली मशीन कधीच नव्हती. होता तो हातोडा, होकायंत्र, भिंग, नमुन्यांच्या कापडी पिशव्या आणि ड्रिलिंगचं धूड. संध्याकाळी ड्रिलिंगमधून निघालेल्या दगडी कोअरच्या पेट्या उघडल्या की गावातली माणसं भोवती जमायची. दगडाच्या त्या लांब नळकांड्यांत पिवळं काही चमकलं की एखादा म्हातारा हळूच म्हणायचा, ‘साहेब, हे तं सोनंच व्हय ना?’ मी तो तुकडा त्यांच्याच हातात देऊन त्यावर हातोडा मारायला सांगत असे. पायराइट असेल तर त्याचा काळा भुगा होतो आणि गंधकाचा वास येतो. सोनं असतं तर ते नुसतं चपटं झालं असतं. कोअरमधलं खरं सोनं मात्र डोळ्यांना जवळजवळ कधीच दिसत नाही. कोअर उभा चिरायचा, अर्धा पेटीत ठेवायचा, अर्धा प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे त्याची पूड करून शिशाच्या ऑक्साइडबरोबर वितळवतात. शिसं खाली बसताना सोन्याला सोबत घेऊन जातं. मग हाडांच्या राखेच्या छोट्या वाटीत ते शिसं तापवलं की वाटी शिसं पिऊन घेते आणि तळाशी एक ठिपका उरतो. तो पाहायलाही भिंग लागतं. महिनोन्‌महिने उन्हात केलेल्या कामाचा निकाल म्हणजे तो ठिपका.

माझा भाचा पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीच्या खाणीत इंजिनिअर आहे. मागच्या दिवाळीत तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने नुकतंच घेतलेलं डिटेक्टर सोबत आणलं. ‘मामा, तुम्ही एकदा चालवून सांगा,’ म्हणाला. तिकडे ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना काढला की सामान्य माणूससुद्धा ठरावीक जमिनीवर सोनं शोधू शकतो आणि सापडलेलं स्वतःकडे ठेवू शकतो. हा छंद तिकडे उगाच फोफावलेला नाही. १९८० साली व्हिक्टोरिया राज्यात किंगोवरजवळ केविन हिलिअर यांना डिटेक्टरने २७ किलोहून जड सोन्याचा गोळा सापडला होता. ‘हँड ऑफ फेथ’ या नावाने तो जगभर गाजला.

हातात घेताक्षणी मन भरलं ते यंत्राच्या हलकेपणाने. जुनी यंत्रं खांद्याला पट्टे बांधून वागवावी लागत. हे दोन किलोच्या आसपास, एका हातात सहज तोललं जाणारं. अ‍ॅडलेडच्या माइनलॅब कंपनीसाठी ब्रूस कँडी यांनी १९९० च्या दशकात ज्या जातीची यंत्रं घडवली, त्याच घराण्यातलं. तत्त्व पल्स इंडक्शनचं. जमिनीलगत फिरणाऱ्या गोल कॉइलमधून प्रवाहाचे झटके जातात. झटका तुटला की जमिनीतल्या धातूत क्षणभर प्रवाह फिरत राहतो आणि त्याचा प्रतिसाद कॉइल ऐकते. बारीक सोन्यातला हा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत विरतो, म्हणून यंत्राचे कान तेवढेच तत्पर लागतात. हेडफोनमध्ये एक संथ गुणगुण चालू असते, धातू आला की ती चढते किंवा उतरते. पहिल्या तासाभरात मी पडद्याकडे पाहणं सोडून दिलं होतं, डोळे मिटून ऐकत होतो. ज्याने हे घडवलं त्याने सोनं शोधणाऱ्याच्या बाजूने विचार केलाय, हे जाणवतं.

चाचणीसाठी सराफाकडून एक गुंजेचा सोन्याचा दाणा आणला होता, प्लास्टिकच्या चकतीवर चिकटवलेला. काटोलकडे पाहुण्यांचा संत्र्याचा बगीचा आहे, तिथे तो पुरला. यंत्र चालू केलं आणि भाचा चमकला. ‘मामा, इथं तर जमीनच बोलते!’

जमीन बोलणारच होती. नागपूरच्या पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण पसरलाय, सीताबर्डीचा किल्ला त्याच पाषाणाच्या टेकडीवर उभा आहे. या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. झटका संपल्यावर त्यातले काही आपलं चुंबकत्व सावकाश सोडतात आणि यंत्राला तो धातूचा प्रतिसाद वाटू शकतो. यंत्राने स्वतःला त्या मातीशी जुळवून घेतलं, ते काम त्याने फार छान केलं. पण गुणगुण सपाट करताना बारीक दाण्याचा क्षीण आवाजही दबतो. चार बोटं खोल पुरलेला आमचा दाणा ऐकू आला, वीतभर खाली गेल्यावर हरवला. येताना कोराडीच्या वीज केंद्राकडून निघालेल्या उच्चदाबाच्या तारांखाली सहज थांबून पाहिलं, तिथे तर हेडफोन कानाला लावून ठेवणं कठीण झालं.

दुसऱ्या दिवशी उलट्या दिशेला, उमरेडच्या पुढे भिवापूरकडे गेलो. मिरचीचा मुलूख. इथे काळा पाषाण संपून साकोली गटाचे फार जुने खडक वर येतात, आणि नागपूर जिल्ह्यातलं सोनं आहे ते याच पट्ट्यात. परसोडी, मरूपार, कितारी ही नावं सोन्याच्या शोधाच्या अहवालांत तुम्हाला सापडतील. ओळखीच्या एका शेतकऱ्याने बांधावर चाचणी करू दिली. जमीन शांत होती, यंत्र सुरेख चाललं. आवाज आले, खणून पाहिलं. बैलाच्या नालेचा गंजका खिळा निघाला, कीटकनाशकाच्या बाटलीवरचं चंदेरी सील निघालं, नांगराच्या फाळाचा तुटका कोपरा निघाला.

शेतकरी म्हणाला, ‘सोनं आहे म्हणता, अन्‌ मशीनीले भेटत कावून नाही?’

मी त्यांना बांधावर बसवून हिशेब मांडून दाखवला. असल्या खडकात टनाला दोन ग्रॅम सोनं मिळालं तरी आम्ही उठून बसतो. कॉइलखालचा एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल दगड धरला तर त्याचं वजन सत्तर-पंच्याहत्तर किलो. त्यात सोनं किती? सव्वा गुंज. तेही एकसंध नाही, गारगोटीच्या शिरांत आणि सल्फाइडच्या कणांत लाखो ठिकाणी विखुरलेलं. सव्वा गुंजेचा एक दाणा यंत्राला ऐकू येतो. त्याचे लाख तुकडे झाले की प्रत्येकातला प्रवाह उठायच्या आत विरतो. ऑस्ट्रेलियात अतिप्राचीन, सपाट जमीन कोट्यवधी वर्षं झिजली, सोनं वरच्या थरांत गोळा होत गेलं, म्हणून तिकडे गोळे सापडतात आणि तिकडे हे यंत्र राजा आहे. आपल्याकडे तो मान ड्रिलिंगच्या कोअरला.

आणि हाताला. वैनगंगेच्या खोऱ्यात एका नाल्यावर काम चालू असताना आम्ही सोनझारी समाजातल्या एका बाईंना रेती धुवायला बोलावलं होतं. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात मध्य प्रांतातल्या या समाजाची नोंद आहे. चांदा, बालाघाट, मंडला जिल्ह्यांतल्या नद्यांची रेती धुऊन सोनं काढणारे हे लोक सोनारांच्या दुकानातली मातीही धुवायचे. बाईंनी नाल्याच्या वळणावर आतल्या अंगाला, झाडाच्या मुळांमागची रेती उपसली. मी नकाशावर जिथे खूण केली होती तिकडे त्या फिरकल्याही नाहीत. लाकडी पसरट पात्र पाण्यात गोल फिरत राहिलं, आधी गोटे गेले, मग पिवळी रेती, शेवटी चिमूटभर काळी रेती उरली. त्यांनी पात्र किंचित तिरकं करून बोटाने एक थेंब पाणी त्यावर सोडलं. काळ्या रेतीच्या मागे तीन पिवळे ठिपके राहिले. भाच्याचं यंत्र त्या ठिपक्यांवर धरलं असतं तरी हूं की चूं केलं नसतं. नाल्याच्या वरच्या अंगाला कुठे ट्रेंच घ्यायची हे आम्ही त्या ठिपक्यांवरून ठरवलं. अहवालात अशा बायकांची नावं येत नाहीत, हे मला आजही लागून राहतं.

यंत्र आलं ही बातमी मात्र गावोगाव पसरली आणि गुप्तधनवाल्यांचे फोन सुरू झाले. विदर्भात या वेडापायी घरं बुडाली आहेत, बळी देण्यापर्यंत गोष्टी गेल्या आहेत. २०१३ साली उत्तर प्रदेशात डौंडिया खेड्याला एका साधूच्या स्वप्नातल्या १,००० टन सोन्यासाठी पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं, तेव्हाही असेच फोन आले होते. तिथून भिंती आणि खापरं निघाली, सोनं नाही. फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी दोन कायदे सांगतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि खनिज म्हणून सोनं शोधायचं तर १९५७ च्या खाण कायद्याखाली परवानगी लागते, शेत स्वतःचं असलं तरी.

यातले एक गृहस्थ कापूस विकलेले पैसे घेऊन ‘लाँग रेंज’ कांडी घ्यायला निघाले होते. विकणाऱ्याचा दावा असा की कांडी हातात धरली की अर्ध्या किलोमीटरवरचं सोनं ती दाखवते. अशी कांडी जगात कुठेही चालत नाही. ब्रिटनच्या जेम्स मॅककॉर्मिकने गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायची कांडी बॉम्बशोधक म्हणून इराकला विकली. तिच्यावर विसंबून नाक्यांवर माणसं मेली. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

भाचा परत जायच्या आदल्या दिवशी मी त्या गृहस्थांना घरी बोलावलं. हेडफोन त्यांच्या कानाला लावला, गुंजेचा दाणा अंगणातल्या मातीत त्यांच्याच हाताने पुरायला लावला. चार बोटं, सहा बोटं, मग वीत. आवाज कुठे थांबतो ते त्यांनी स्वतः ऐकलं. लाखो रुपयांचं खरं यंत्र वीतभरावर गप्प होतं, मग ती कांडी अर्धा किलोमीटर कशी पाहील, हा प्रश्न त्यांनीच मला विचारला. त्याच आठवड्यात त्यांनी विकणाऱ्याकडे आगाऊ रक्कम परत मागितली. अर्धी मिळाली, अर्ध्या रकमेसाठी त्यांनी पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे.