शाळेचं छप्पर की शिवाराचा रस्ता?

मंडळी, ग्रामसभा म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? सतरंजी, लाउडस्पीकरची खरखर, घरकुलाच्या यादीवरून उडालेला भडका आणि शेवटी चहा. पण शाळेच्या पैशावरून सभा साडेतीन तास चालली, असं कधी पाहिलंय? आम्ही पाहिलं. २ ऑक्टोबर २०२४ ची सभा. गाव आपल्याच जिल्ह्यातलं, दीड-दोनशे उंबऱ्याचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर दोन्ही गट आमच्या दारात उभे राहतील.

गोष्ट साधी होती. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, पट ३८, एक गुरुजी आणि एक बाई. खोल्या दोन. त्यातल्या एकीची कौलं गळतात, वासा वाकलेला. दुरुस्तीचा प्रस्ताव पंचायत समितीकडे गेलेला आणि तिथेच मुरलेला. पावसाळाभर दोन वर्ग मारुतीच्या देवळात भरले. दुसरीकडे मळ्याच्या वस्तीचा रस्ता. ओढ्यात नळकांडी नाही, चिखलात ट्रॅक्टर फसतो, तोडणीची टोळी ऊस घ्यायला नाखूष. ग्रामपंचायतीच्या हातात अबंधित निधी साडेतीन लाखांच्या आसपास. शाळेचा अंदाज दोन लाख नव्वद हजार, रस्त्याचा तीन लाखांच्या पुढे. दोन्ही होणं शक्य नव्हतं.

पहिला मुद्दा तुमच्याही गावात निघतो तोच निघाला. "इमारत झेडपीची, पगार सरकारचा, मग पैसे गावानं का घालायचे?" बोलणारा वेडा नव्हता. शाळेची इमारत ही सरकारची आणि जिल्हा परिषदेचीच जबाबदारी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंही ती गावावर टाकलेली नाही. गावानं सवय लावली की वरचे हात झटकतील, ही भीती खरी आहे. पण वरून येतं किती, तेही पाहा. समग्र शिक्षा योजनेत ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान २५ हजार रुपये. त्यात खडू-फळा, विजेचं बिल, किरकोळ डागडुजी आणि स्वच्छता, सगळंच बसवायचं. त्यात छप्पर कसं बसणार?

दुसरा सूर जरा टोचणारा होता. गावातली निम्मी पोरं सकाळी पिवळ्या गाडीनं तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला जातात. "ज्यांची पोरं तिथं नाहीत त्यांनी पैसे का द्यावेत?" असं एक जण म्हणाला आणि मागच्या रांगेतून मजुरी करणारी एक बाई उठली. "दादा, तुमच्या पोरांना गाडी हाय. आमच्या पोरांना पाय हायेत. फुडची शाळा चार किलोमीटरवर, मधी ओढा." सभा क्षणभर गप्प झाली. मग वस्तीवरचा एक म्हातारा बोलला, आणि त्याचंही चुकलं नव्हतं. "ऊस शेतात वाळला तर हितल्या पोरांच्या पाटी-पेन्सिलीला पैका कुठनं येनार?"

वाचकहो, शाळेसाठी शेतकऱ्याच्या खिशात हात घालणं आजचं नाही. १८६० च्या दशकात इंग्रज सरकारनं मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला. त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी होता. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे हीच तक्रार मांडली, की महसूल रयतेच्या घामाचा आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तिच्या वसतिगृहांना घराघरातून मूठ-मूठ धान्य गेलं. आणि बागायतदारांनो, तलाठ्याची पावती एकदा नीट वाचा. नगदी पिकांवर शिक्षण कर १९६२ च्या कायद्यापासून आहे. तेव्हा शाळेला पैसे द्यायचे की नाही, हा वाद तसा उशिराच निघालाय. दिलेल्या पैशाचा हिशेब कोण मागतो, इतकंच आपल्या हातात उरतं.

सभेला वळण दिलं ते ग्रामसेवकानं (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात अजून भाऊसाहेबच). त्यानं शाळेचा अंदाज हातात घेतला आणि दोन तुकडे केले. १५ व्या वित्त आयोगाच्या पैशात त्या वेळी ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली. उरलेली ४० टक्के अबंधित. ती गावाच्या गरजेप्रमाणे खर्चता येई, पगार आणि आस्थापना सोडून. शाळेच्या अंदाजात मुलींचं स्वच्छतागृह, हात धुण्याची जागा आणि पाण्याची टाकी असे मिळून ९० हजार होते. ते बंधितमधून बसतात. राहिलं छप्पर, दोन लाखांचं. म्हणजे अबंधितमधले दीडेक लाख रस्त्याला मोकळे. नळकांडी होणार नाही, मुरूम पडेल.

हे आधी कुणी का सांगितलं नाही? शाळेचा विकास आराखडा शाळा व्यवस्थापन समितीनं करायचा असतो. समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. इथंही आराखडा झाला होता, सह्या होत्या, पण तो मुख्याध्यापकांच्या कपाटात. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात तो शिरलाच नव्हता. सरपंचबाई, सदस्यहो, तुमच्या गावचं कपाट एकदा उघडून पाहा.

अजून एक खाचखळगा. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यात जे कमी असेल ते लागतात. पण तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पुढारी काय करतात, तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी कुणाला बोलवायचं नाही, दुसऱ्या दिवशी पंधरा सह्यांवर ठराव मंजूर! या गावात तसं झालं नाही, कारण आदल्या दिवशीची महिला सभा नुसती कागदावर झाली नव्हती. चाळीसेक बाया खरोखर बसल्या होत्या आणि शाळेचा ठराव करूनच उठल्या होत्या. दारूचं दुकान हटवायला आपल्याकडं बायकांचं गुप्त मतदान आहे, उभी बाटली-आडवी बाटली. शाळेसाठी तसली पेटी नाही, दीरा-सासऱ्यादेखत हात वर करावा लागतो. त्यांनी केला. ६४ विरुद्ध ५१.

हरलेल्यांनी एक अट घातली, आणि ती आम्हाला सगळ्यात शहाणी वाटली. पत्रे, अँगल, मजुरी यांची बिलं शाळेच्या फळ्यावर आठवडाभर लावायची, ग्रामपंचायतीच्या नाही. तिथं कुणी फिरकत नाही. कमी पडेल ते लोकवर्गणीतून.

वर्गणी मागताना पिवळ्या गाडीवाल्या चौघांनी दिली, बाकीच्यांनी "बघू" म्हटलं. सभेत रस्त्यासाठी भांडलेल्या म्हाताऱ्यानं पैसे दिले नाहीत, पण त्याच्या नातवानं ट्रॅक्टरच्या चार खेपा फुकट टाकल्या. पत्रे आणायला महिना लागला. तांत्रिक मान्यतेच्या कागदाला त्याहून जास्त.

आम्ही २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा गेलो. चारही वर्ग शाळेच्या दोन खोल्यांत बसले होते. छपराचा कोपऱ्यातला एक पत्रा वळवाच्या वाऱ्यानं उचकटलेला, त्यावर दगड ठेवलेले. पट ३८ चा ४१ झाला होता. वाढलेल्या तिघांपैकी एक पिवळ्या गाडीतून उतरलेला. मळ्याच्या रस्त्यावर मुरूम पडला होता, ओढ्यापाशी मात्र तोच चिखल. म्हातारा बांधावर भेटला. म्हणाला, "नळकांडीचा अर्ज दिलाय. औंदाच्या सभंला बाया बसवून ठेवा म्हनावं आमच्याबी बाजूनं."