योनाच्या गोष्टीतला शेवटचा प्रश्न

अलंकार म्हणजे भाषेचे दागिने, ही व्याख्या शाळेपासून घोकल्यामुळे माझी एक समजूत होऊन बसली होती. आशय आधी सिद्ध असतो व शैली त्यावर मागाहून चढवली जाते! धर्मग्रंथांच्या बाबतीत तर ती अधिकच पक्की होती. तात्पर्य हाती लागले की गोष्टीचे काम संपले. बायबलच्या जुन्या करारातील 'योना' हे पुस्तक लक्षपूर्वक वाचले आणि ही समजूत डळमळली.

पुस्तक अवघ्या ४ अध्यायांचे, ४८ वचनांचे. ज्या माशामुळे ते प्रसिद्ध आहे, त्याचा उल्लेख केवळ ३ वचनांत येतो. खरा विषय आहे तो शत्रूला क्षमा मिळावी की नाही, हा. देव योनाला निनवे नगरीस इशारा देण्यासाठी धाडतो. निनवे हे अश्शूरचे महानगर. आणि याच अश्शूरने इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास इस्राएलचे राज्य बुडवले. पुस्तक त्यानंतर रचले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे पहिल्या वाचकांच्या मनात ती जखम होतीच.

योना पूर्वेस जाण्याऐवजी पश्चिमेचे जहाज गाठतो. येथे लेखक 'यारद', म्हणजे 'खाली उतरणे', हे एकच हिब्रू क्रियापद पुन्हा पुन्हा योजतो. योना याफो बंदरात उतरतो, जहाजात उतरतो, जहाजाच्या तळाशी उतरतो आणि अखेर समुद्रात डोंगरांच्या मुळांपर्यंत उतरतो. देवापासून पळणे म्हणजे अधोगती, असे लेखक कोठेही म्हणत नाही. ते क्रियापदच सांगते.

निनवेतील योनाचा उपदेश मूळ भाषेत फक्त ५ शब्दांचा आहे. त्यातले 'हाफख' हे क्रियापद सदोमच्या नाशासाठीही आलेले आहे. पण त्याचा अर्थ 'पालटणे' असाही होतो. मराठीत 'उलथणे' आणि 'पालटणे' असे दोन शब्द वापरावे लागतात. हिब्रूत एकच पुरतो. लोक पश्चात्ताप करतात. नगरी उलथत नाही, पालटते. मग भविष्य खोटे ठरले की खरे झाले? शिक्षा आणि क्षमा यांचे सारे कोडे या एका श्लेषात आहे.

योना मात्र संतापतो. 'निर्गम' पुस्तकात देवाच्या दयाळूपणाचे जे वर्णन स्तुती म्हणून येते, तेच तो तक्रार म्हणून देवाला ऐकवतो. शब्द जवळजवळ तेच. पालटला आहे तो सूर.

शेवटी देव त्याला विचारतो, की एक लाख वीस हजारांहून अधिक अजाण माणसांची आणि मुक्या जनावरांची आपल्याला कणव का वाटू नये? पुस्तक येथेच संपते. योनाचे उत्तर लेखकाने दिलेलेच नाही. 'देव सर्वांवर दया करतो' असे विधान शेवटी असते, तर मी मान डोलावून पुस्तक मिटले असते. प्रश्नामुळे ते जमले नाही. योना गप्प राहिला. उत्तर देण्याची पाळी माझ्यावर आली. ज्याचे भले झालेले मला पाहवत नाही, असा माणूस लगेच डोळ्यांपुढे उभा राहिला.

या शैलीला दागिना कसे म्हणावे?