बोलता न येणाऱ्या मुलांसाठी ‘जेलो’ ॲप: कसं चालतं, कसं वापरायचं?

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांना बरंच समजतं, पण बोलून सांगता येत नाही. अशा मुलांच्या घरच्यांना मी आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत ॲप सुचवेन. ते मराठीतही बोलतं.

मुलाने आधी खाण्याच्या पदार्थाचं चित्र निवडायचं, मग कडेचं ‘हवं’ किंवा ‘नको’ सांगणारं बटण दाबायचं. फोन पूर्ण वाक्य बोलून दाखवतो. मला यातलं ‘नको’ सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते सांगता आलं नाही, तर मुलाकडे रडण्याशिवाय काय उरतं?

‘ॲपची सवय लागली तर मूल बोलणारच नाही’ अशी भीती अनेकांना वाटते. आजवरच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. उलट काही मुलं थोडी जास्त बोलू लागतात.

पण आधी कान तपासून घ्या. डाऊन सिंड्रोममध्ये कानाच्या पडद्यामागे पाणी साचून कमी ऐकू येणं बरंच आढळतं. ‘बेरा’ चाचणी मूल झोपलेलं असतानाही होते.

आणि हो, अँड्रॉइडवर ‘ॲप पिनिंग’ चालू ठेवा, म्हणजे मूल चुकून यूट्यूबवर जाणार नाही. शिक्षा म्हणून मात्र हा फोन काढून घेऊ नका. त्याचं बोलणंच बंद होईल.